सरकारी जमिनीवरील तेलप्रदूषण : सफाईचा खर्च कोणाच्या तिजोरीतून?

खासगी कारखान्यामुळे जमीन किंवा पाणी दूषित झाले, तर नुकसानभरपाई कोणी द्यायची हा प्रश्न तुलनेने सोपा असतो. ज्याने प्रदूषण केले, त्याने भरावे, हे तत्त्व आता बहुतेक देशांच्या कायद्यांनी स्वीकारले आहे. परंतु जमीन सरकारची, टाकी सरकारची, इंधन सरकारचे आणि गळतीही सरकारी कर्मचाऱ्यांच्या हातून झालेली असेल, तर हे तत्त्व कसे लागू करायचे? दंड करणारे आणि दंड भरणारे दोघेही जनतेच्याच पैशावर चालतात. अशा वेळी सफाईचा खर्च कोणत्या खात्यातून होतो, तो करण्यास सरकारला भाग कोण पाडते आणि बाधित नागरिकांच्या हाती प्रत्यक्षात काय पडते, हे तपासण्यासाठी अमेरिकेच्या हवाई राज्यातील रेड हिल इंधन साठ्याचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील गळतीमुळे नौदलाच्या नळपाणी योजनेवर अवलंबून असलेल्या सुमारे ९३ हजार लोकांचे पिण्याचे पाणी धोक्यात आले होते.

जमिनीखालच्या गळतीचे स्वरूप

पेट्रोल, डिझेल आणि विमानांसाठी वापरले जाणारे इंधन पाण्यापेक्षा हलके असते. टाकीतून किंवा वाहिनीतून गळालेले इंधन मातीच्या आणि खडकांच्या फटींतून खाली झिरपते आणि भूजलाच्या पातळीवर पोहोचल्यावर तेथे तवंगासारखे साचते. त्यातील बेंझिनसारखे घटक हळूहळू पाण्यात विरघळतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर दूरवर जातात. काही भाग वाफेच्या रूपाने वर येऊन इमारतींच्या तळघरांत शिरतो. बेंझिन हे मानवात कर्करोगास कारणीभूत ठरणारे रसायन म्हणून मान्य झालेले आहे.

अशी गळती डोळ्यांना दिसत नाही. ती अनेकदा वर्षानुवर्षे सुरू राहते आणि विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागल्यावरच उघडकीस येते. दूषित माती उकरून काढणे, मातीतील वाफ शोषून घेणे, पाणी उपसून शुद्ध करणे आणि निरीक्षण विहिरी खोदून दीर्घकाळ तपासणी करणे, असे या सफाईचे टप्पे असतात. त्यामुळे गळतीच्या दिवशी झालेल्या नुकसानीपेक्षा पुढील दहा-वीस वर्षांचा खर्च कितीतरी मोठा ठरतो. कायद्याचा खरा वाद या दीर्घ खर्चाबाबत असतो.

युद्धकाळातील टाक्या

ओआहू बेटावरील पर्ल हार्बर नौदल तळाजवळच्या रेड हिल टेकडीत हा साठा उभारण्याचे काम डिसेंबर १९४० मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये पूर्ण झाले. जमिनीवरील टाक्यांना हवाई हल्ल्याचा धोका असल्यामुळे टेकडीच्या पोटात २० टाक्या बांधण्यात आल्या. प्रत्येक टाकीची उंची सुमारे ७६ मीटर, व्यास सुमारे ३० मीटर आणि क्षमता सव्वा कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ४ कोटी ७० लाख लिटर होती. आतून पोलादी अस्तर आणि बाहेरून काँक्रीट असे त्यांचे बांधकाम होते. संपूर्ण साठ्याची क्षमता २५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ९५ कोटी लिटर होती. बोगद्यातून टाकलेल्या वाहिन्यांमधून हे इंधन बंदरापर्यंत नेले जात असे. अभियांत्रिकीतील कामगिरी म्हणून अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १९९५ मध्ये या साठ्याचा गौरवही केला होता.

परंतु ज्या टेकडीने हल्ल्यापासून संरक्षण दिले, तिच्याच खाली बेटाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत होता. टाक्यांच्या तळापासून सुमारे ३० मीटर खाली दक्षिण ओआहूचा जलधर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ मध्ये या जलधराला परिसराचा 'एकमेव मुख्य स्रोत' असा दर्जा दिला. होनोलुलू शहर आणि नौदल तळ या दोघांच्या विहिरी याच जलधरावर आहेत.

दुर्लक्षित राहिलेला इशारा

जानेवारी २०१४ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा भरण्यात आलेल्या पाचव्या क्रमांकाच्या टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन, म्हणजे १ लाख लिटरहून अधिक इंधन गळाले. त्यानंतर नौदल, संरक्षण खात्याची पुरवठा यंत्रणा, पर्यावरण संरक्षण संस्था आणि हवाई राज्याचा आरोग्य विभाग यांच्यात सप्टेंबर २०१५ मध्ये संमती आदेश झाला. या आदेशाने टाक्यांची तपासणी, दुरुस्ती आणि भूजलाचा अभ्यास नौदलावर बंधनकारक करण्यात आला. मात्र साठा बंद करण्यात आला नाही. टाक्या जुन्या असल्या तरी त्यांचा वापर सुरक्षितपणे चालू ठेवता येईल, अशी नौदलाची भूमिका होती. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने आणि पर्यावरण संघटनांनी मात्र जलधराच्या डोक्यावर एवढा साठा असणे हाच धोका असल्याचे सातत्याने मांडले.

दि. ६ मे २०२१ रोजी इंधन हलवताना वाहिनीत अचानक दाब वाढला आणि ती फुटली. सांडलेल्या इंधनाचा बराच मोठा भाग अग्निशमन यंत्रणेच्या निचरा वाहिनीत शिरला आणि तेथेच साचून राहिला. ही बाब अनेक महिने लक्षात आली नाही. इंधनाच्या भाराने वाकलेल्या त्या वाहिनीला दि. २० नोव्हेंबर २०२१ रोजी बोगद्यातील एका गाडीचा धक्का बसला आणि सुमारे २० हजार गॅलन, म्हणजे जवळपास ७५ हजार लिटर विमान इंधन बोगद्यात सांडले. तेथून ते जमिनीत मुरून नौदलाच्या रेड हिल विहिरीत पोहोचले.

काही दिवसांतच तळावरील वसाहतींतून तक्रारी येऊ लागल्या. नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येत होता, पाण्यावर तवंग दिसत होता. अंगावर पुरळ येणे, मळमळ, डोकेदुखी आणि पोटाचे विकार यांनी अनेक कुटुंबे त्रस्त झाली. त्यांत लहान मुलांचाही समावेश होता. नौदलाने दि. २८ नोव्हेंबरला रेड हिल विहीर बंद केली. प्रदूषण शहराच्या बाजूला ओढले जाऊ नये म्हणून होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने डिसेंबरच्या आरंभी आपली हालावा येथील मोठी विहीरही बंद ठेवली. हजारो कुटुंबांना हॉटेलांत हलवण्यात आले.

राज्याचा आदेश, केंद्राचा निर्णय

दि. ६ डिसेंबर २०२१ रोजी हवाईच्या आरोग्य विभागाने नौदलाला आणीबाणीचा आदेश दिला. साठ्याचे कामकाज थांबवणे, पाण्याच्या शुद्धीकरणाची सोय करणे आणि टाक्या रिकाम्या करणे, अशा त्यातील प्रमुख सूचना होत्या. एका राज्याच्या आरोग्य विभागाने जगातील सर्वांत बलाढ्य नौदलाला दिलेला हा आदेश होता. नौदलाने त्याला प्रारंभी कायदेशीर आव्हान दिले. मात्र दि. ७ मार्च २०२२ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी साठा रिकामा करून कायमचा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

त्याच महिन्यात आरोग्य विभागाने सर्व विभागांतील पाणी पिण्यायोग्य असल्याचे जाहीर केले. तथापि, वास आणि आजारपणाच्या तक्रारी त्यानंतरही येत राहिल्या. टाक्या रिकाम्या करण्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र संयुक्त कृती दल नेमण्यात आले. जुन्या वाहिन्यांची दुरुस्ती केल्याशिवाय इंधन बाहेर काढणेही धोक्याचे असल्याने त्यास वर्षभराचा काळ लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंधन काढण्यास सुरुवात झाली. १० कोटी ४० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३९ कोटी लिटर इंधन बाहेर काढल्यानंतर मार्च २०२४ मध्ये पुढील जबाबदारी साठा बंद करण्यासाठी नेमलेल्या नौदलाच्या दलाकडे आली. टाक्या स्वच्छ करणे, वाहिन्या काढून टाकणे आणि भूजलाचे दीर्घकाळ निरीक्षण करणे हे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये नौदलाने तीन निवृत्त रिअर ॲडमिरलना लेखी ठपका दिला.

तेल वगळणारा कायदा

अमेरिकेत दूषित जागांच्या सफाईसाठी १९८० मध्ये झालेला कायदा 'सुपरफंड' या नावाने ओळखला जातो. जागेचा मालक, चालक आणि घातक द्रव्ये टाकणारे अशा सर्वांना या कायद्याने खर्चासाठी जबाबदार धरता येते. त्यासाठी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. १९८६ च्या दुरुस्तीने केंद्रीय सरकारच्या जागांनाही खासगी जागांप्रमाणेच हे नियम लागू केले. परंतु या कायद्याच्या व्याख्येतच एक मोठा अपवाद आहे. कच्चे तेल आणि त्यापासून तयार होणारी इंधने 'घातक द्रव्य' या संज्ञेतून वगळण्यात आली आहेत. इंधनातील बेंझिन स्वतंत्रपणे घातक मानले जाते. मात्र ते इंधनाचा नैसर्गिक घटक म्हणून सांडले, तर सुपरफंडचा मार्ग सहसा बंद होतो.

ही पोकळी भरण्यासाठी इतर कायदे पुढे आले. १९८४ मध्ये घनकचऱ्याविषयीच्या केंद्रीय कायद्यात भूमिगत टाक्यांचे प्रकरण घालण्यात आले. १९८६ मध्ये गळक्या टाक्यांसाठी स्वतंत्र निधी स्थापन झाला. मोटारींच्या इंधनाच्या प्रत्येक गॅलनवर सेंटच्या दहाव्या हिश्श्याएवढा कर आकारून हा निधी उभारला जातो. जेथे जबाबदार मालक सापडत नाही किंवा त्याची ऐपत नसते, तेथे या निधीतून खर्च करता येतो. या कार्यक्रमात आतापर्यंत ५ लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली असून, त्यांपैकी बहुतांश जागांची सफाई पूर्ण झाली आहे. समुद्र, नद्या आणि किनाऱ्यांवरील तेलगळतीसाठी १९९० चा तेलप्रदूषण कायदा आहे. १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर तो संमत झाला. भूजलातील गळती हा मात्र त्याचा विषय नाही.

सरकारी टाक्यांना मिळालेली सवलत

टाक्यांच्या नियमांमध्येही सरकारी आणि खासगी मालक यांच्यात भेद आहे. खासगी पेट्रोल पंपाच्या मालकाला गळती झाल्यास खर्च भागवण्याची ऐपत आधीच सिद्ध करावी लागते. इंधनविक्री करणाऱ्यांसाठी ही रक्कम प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलर आहे. विक्री न करणाऱ्या आणि कमी उलाढाल असलेल्या मालकांसाठी ती ५ लाख डॉलर आहे. विमा, हमी किंवा राज्याचा निधी यांपैकी एखादा आधार दाखवणे त्यासाठी आवश्यक असते. केंद्र आणि राज्य सरकारांना मात्र या अटीतून सूट आहे. सरकारचे देणे हे अखेर सार्वजनिक तिजोरीचे देणे असल्याने ते बुडण्याचा प्रश्न येत नाही, असा त्यामागील विचार आहे.

दुसरी सवलत तांत्रिक होती. १९८८ च्या नियमांनी जागेवरच बांधलेल्या प्रचंड टाक्यांना गळती शोधण्याच्या आणि अन्य अनेक तरतुदींपासून तात्पुरते दूर ठेवले. अशा टाक्या प्रामुख्याने लष्कराकडे होत्या आणि रेड हिलच्या टाक्या याच प्रकारच्या होत्या. ही 'तात्पुरती' स्थिती २०१५ मध्ये नियम बदलेपर्यंत टिकली आणि नव्या अटींच्या पूर्ततेसाठी आणखी तीन वर्षांची मुदत देण्यात आली. गावातील छोट्या पेट्रोल पंपाला जे नियम १९९८ पर्यंत पाळणे भाग पडले, ते जगातील सर्वांत मोठ्या भूमिगत इंधन साठ्यांपैकी एकाला दोन दशके उशिरा लागू झाले.

सार्वभौम कवच आणि त्यातील झरोके

सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा लावता येत नाही, हे अमेरिकी कायद्यातील जुने तत्त्व आहे. ही संमती संसदेने कायद्याद्वारे द्यावी लागते आणि न्यायालये तिचा अर्थ काटेकोरपणे लावतात. १९९२ मध्ये ओहायो राज्याने ऊर्जा खात्याविरुद्ध दाखल केलेल्या प्रकरणात, झालेल्या उल्लंघनाबद्दलचा दंड केंद्रीय खात्याकडून वसूल करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी संसदेने केंद्रीय आस्थापना अनुपालन कायदा करून घातक कचऱ्याच्या बाबतीत ही त्रुटी दूर केली. भूमिगत टाक्यांच्या प्रकरणातही केंद्रीय खात्यांनी राज्यांचे नियम पाळावेत, अशी तरतूद आहे. हवाईचा आरोग्य विभाग नौदलाला आदेश देऊ शकला, तो याच झरोक्यातून.

आदेश मिळाला तरी पैसा संसदेकडूनच यावा लागतो. मंजूर रकमेपेक्षा अधिक खर्चाचे दायित्व केंद्रीय खात्याला पत्करता येत नाही. त्यामुळे केंद्रीय खात्यांबरोबरच्या सफाई करारांत 'निधी उपलब्ध झाल्यास' अशा आशयाचे कलम सहसा असते. सफाईची गती अशा रीतीने अर्थसंकल्पाच्या गतीशी जोडली जाते.

एकाच गळतीची तीन खाती

रेड हिलचा खर्च एका खात्यातून झालेला नाही. त्याचे ढोबळमानाने तीन भाग पडतात.

पहिला भाग सफाईचा आणि साठा बंद करण्याचा आहे. लष्करी जागांच्या शुद्धीकरणासाठी १९८६ पासून संरक्षण खात्याचा स्वतंत्र कार्यक्रम आहे आणि त्यासाठी दरवर्षी तरतूद होते. रेड हिलचा भार त्या नेहमीच्या तरतुदीत मावणारा नव्हता. म्हणून पाणीपुरवठा, कुटुंबांचे स्थलांतर, टाक्या रिकाम्या करणे आणि सफाई यांसाठी संसदेने २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली.

दुसरा भाग बाधित व्यक्तींच्या भरपाईचा आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाबद्दल नागरिकांना १९४६ च्या केंद्रीय कायद्यान्वये दावा करता येतो. त्यासाठी आधी संबंधित खात्याकडे दोन वर्षांच्या आत लेखी मागणी करावी लागते. खटला ज्यूरीविना चालतो आणि दंडात्मक भरपाई मिळत नाही. धोरणात्मक स्वरूपाच्या निर्णयांबद्दल सरकारला संरक्षण असते. सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकांना असा दावा करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा निर्णय आहे. न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई खात्याच्या अंदाजपत्रकातून नव्हे, तर सामान्यतः १९५६ मध्ये निर्माण केलेल्या कायमस्वरूपी निधीतून दिली जाते. परिणामी ज्या खात्याची चूक झाली, त्याच्या खर्चाला थेट कात्री लागत नाही. टीकाकारांचा आक्षेप नेमका यावरच आहे.

रेड हिलच्या बाबतीत हजारो लोकांनी असे दावे केले. मे २०२३ मध्ये सरकारने नोव्हेंबर २०२१ च्या गळतीसंबंधीची आपली जबाबदारी मान्य केली. मात्र दावेदारांच्या आजारांना ती कारणीभूत ठरली काय, यावरील वाद कायम ठेवला. २०२४ मध्ये १७ जणांचे दावे नमुना म्हणून चालवण्यात आले. मे २०२५ मध्ये केंद्रीय न्यायालयाने या सर्वांना मिळून सुमारे ६ लाख ८० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली. मागणीच्या तुलनेत ही रक्कम बरीच कमी होती. पाण्यात त्या दिवशी किती इंधन होते आणि कोणाच्या शरीरात किती गेले, याचे पुरेसे मोजमाप उपलब्ध नसणे ही अशा खटल्यांतील सर्वांत मोठी अडचण ठरते. जबाबदारी मान्य होणे आणि नुकसान सिद्ध होणे यांत किती अंतर असते, हे या निकालाने दाखवून दिले.

तिसरा भाग एका सरकारी संस्थेने दुसरीकडे केलेल्या मागणीचा आहे. विहिरी बंद पडल्याने पर्यायी स्रोत शोधणे, नव्या विहिरी खोदणे आणि तपासण्या वाढवणे हा बोजा होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळावर आला. मंडळाने २०२३ मध्ये नौदलाकडे १२० कोटी डॉलरची मागणी नोंदवली आणि २०२५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. येथे दोन्ही बाजूंना सार्वजनिक संस्था आहेत. मंडळाला रक्कम मिळाली, तर ती देशभरातील करदाते भरतील. न मिळाल्यास तिचा भार होनोलुलूच्या पाणीपट्टीवर येईल. पैसा दोन्हीकडे जनतेचाच असला, तरी कोणत्या जनतेचा, हा प्रश्न उरतोच.

हवाईच्या राज्यघटनेतील तरतूद या वादाला आणखी एक पैलू देते. १९७८ च्या घटनादुरुस्तीने पाण्याचे स्रोत जनतेच्या हितासाठी जपणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. जमिनीचा ताबा केंद्राकडे असला, तरी तिच्या खालून वाहणाऱ्या पाण्याचे विश्वस्तपद राज्याकडे राहते.

कर्टलँडचा धडा

न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहराजवळच्या कर्टलँड हवाई तळाचे उदाहरण दीर्घ विलंबाचे आहे. १९५० च्या दशकात उभारलेल्या इंधन केंद्राच्या भूमिगत वाहिन्यांतून होणारी गळती १९९९ मध्ये लक्षात आली. गळलेल्या इंधनाचे अंदाज ६० लाखांपासून २ कोटी ४० लाख गॅलनपर्यंत आहेत. भूजल सुमारे दीडशे मीटर खोल असल्याने इंधन तेथवर पोहोचणार नाही, असा समज फार काळ होता. २००७ मध्ये ते भूजलावर तरंगताना आढळले. जुन्या, शिसेयुक्त विमान पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एथिलीन डायब्रोमाइड हे घातक रसायन शहराच्या दिशेने सरकत असल्याचेही दिसून आले.

दूषित पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम तेथे २०१५ मध्ये सुरू झाले. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या देखरेखीखाली हवाई दल हा खर्च करत आहे. गळती सापडल्यापासून उपसा सुरू होईपर्यंत दीड दशकाहून अधिक काळ गेला, हे लक्षणीय आहे. तत्परतेने खर्च केला असता तर प्रदूषणाचा विस्तार रोखता आला असता, असे तेथील नागरी गटांचे म्हणणे आहे.

नगरपालिकांची अडचण

केंद्र सरकारजवळ कर उभारण्याची मोठी क्षमता असते. स्थानिक संस्थांची गोष्ट वेगळी आहे. नगरपालिका, शाळा मंडळे आणि परिवहन उपक्रम यांच्या आगारांत इंधनाच्या टाक्या असतात. आर्थिक हमीच्या नियमातून केंद्र आणि राज्यांना सूट असली, तरी स्थानिक संस्थांना ती नाही. त्यांच्यासाठी १९९३ मध्ये रोख्यांचा दर्जा, आर्थिक निकषांची चाचणी, वरिष्ठ शासनाची हमी किंवा राखीव निधी असे पर्याय देण्यात आले.

कर थकल्यामुळे बंद पडलेला पेट्रोल पंप नगरपालिकेच्या ताब्यात येतो, तेव्हा तर प्रदूषण न करताच ती दूषित जागेची मालक होते. अशा जागांच्या पुनर्वापरासाठी २००२ च्या कायद्याने केंद्रीय अनुदानाचा मार्ग खुला केला. कमी जोखमीच्या आणि ऐपतदार जबाबदार पक्ष न उरलेल्या तेलदूषित जागाही त्यात समाविष्ट आहेत.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतातही 'प्रदूषण करील तो भरेल' हे तत्त्व न्यायालयांनी प्रस्थापित केले आहे. राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात फेब्रुवारी १९९६ मध्ये आणि वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या प्रकरणात ऑगस्ट १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते देशाच्या कायद्याचा भाग मानले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कमलनाथ प्रकरणात, शासन हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, हा सिद्धांत न्यायालयाने स्वीकारला. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला हे तत्त्व लागू करून भरपाई आणि पर्यावरणाच्या पूर्वस्थितीचे आदेश देता येतात.

सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या संदर्भात आसाममधील बागजानचे प्रकरण महत्त्वाचे आहे. दि. २७ मे २०२० रोजी ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायू आणि तेलाचा अनियंत्रित उद्रेक झाला, दि. ९ जूनला तिला आग लागली आणि नोव्हेंबरमध्ये ती पूर्ण आटोक्यात आली. जवळच मागुरी-मोटापुंग पाणथळ क्षेत्र आणि दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आहे. न्यायाधिकरणाने जून २०२० मध्ये कंपनीला २५ कोटी रुपये जमा करण्यास सांगितले. कंपनी सरकारी मालकीची असणे ही सबब तेथे चालली नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित जागांची नोंद, तपासणी आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्चाची वसुली यांची रीत त्यांत ठरवून दिली आहे. समुद्रातील तेलप्रदूषण मात्र या नियमांच्या कक्षेबाहेर असून, त्यासाठी वेगळे कायदे आहेत.

निष्कर्ष

सरकारी जागेवरील तेलप्रदूषणाचा खर्च अखेर सार्वजनिक तिजोरीतूनच होतो, यात शंका नाही. म्हणूनच काही जण अशा दाव्यांना एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे टाकण्याचा प्रकार म्हणतात. रेड हिलचा अनुभव तसा नाही. राज्याच्या आरोग्य विभागाजवळ आदेश देण्याचा अधिकार नसता, तर टाक्या कदाचित आजही भरलेल्या असत्या. पाणीपुरवठा मंडळाने हिशेब मांडला नसता, तर बंद विहिरींची किंमत कोणत्याच कागदावर आली नसती. नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली नसती, तर सरकारने जबाबदारी मान्य केल्याची नोंदही झाली नसती.

या प्रकरणांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. प्रदूषण करणारी आणि देखरेख ठेवणारी यंत्रणा परस्परांपासून स्वतंत्र असावी लागते. सरकारी टाक्यांना दिलेली सवलत ही बचत नसते. ती पुढे ढकललेली देणी असतात. आणि गळतीच्या पहिल्या दिवसापासून पाण्याचे नमुने घेऊन जपले नाहीत, तर कायदा बाजूने असूनही बाधितांना आपले नुकसान सिद्ध करणे अवघड जाते. जुन्या टाक्या आणि वाहिन्या बाळगणाऱ्या कोणत्याही देशाच्या शासनाला या तिन्ही गोष्टी गळतीपूर्वीच ठरवून ठेवता येण्याजोग्या आहेत.